विश्लेषण : लढाई न करता वऱ्हाड स्वतंत्र कसे झाले? फतेहउल्ला इमादशाह कोण होता?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर पैनगंगा वाहते. नदी ओलांडली की माहूरचा किल्ला. पंधराव्या शतकात या सगळ्या मुलखाचा कारभार बिदरच्या बहमनी सुलतानाच्या नावाने चालत असे. १४९० मध्ये वऱ्हाड त्या सल्तनतीतून बाहेर पडले, तेही बिदरशी एकही मोठी लढाई न होता. ज्याच्या हातून हे घडले, तो मूळचा वऱ्हाडचाही नव्हता.

विजयनगरचा मुलगा वऱ्हाडात कसा आला?

फिरिश्ता या इतिहासकाराच्या नोंदीनुसार फतेहउल्लाचा जन्म विजयनगर राज्यातील ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणीच तो बहमनी फौजेच्या हाती लागला. त्याला मुसलमान करण्यात आले आणि वऱ्हाडचा सुभेदार खान-ए-जहान याच्या चाकरीत तो वाढला. पुढे वजीर महमूद गवान याच्या पाठिंब्याने त्याला इमाद-उल-मुल्क हा किताब व १४७१ मध्ये वऱ्हाडची सुभेदारी मिळाली.

गवानने वऱ्हाडचे दोन भाग का केले?

बहमनी राज्यात चार मोठे प्रांत होते. त्यांना तरफ म्हणत. एकेका तरफदाराकडे इतके किल्ले, महसूल आणि फौज असे की मनात आणले तर तो बिदरला जुमानणार नाही, हे गवानने ओळखले. त्याने चाराचे आठ प्रांत केले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाने थेट नेमलेले किल्लेदार आले. वऱ्हाडचे गाविलगड आणि माहूर असे दोन तुकडे झाले. गाविलगड फतेहउल्लाकडे राहिला, माहूर खुदावंदखान हबशीकडे गेला.

साहजिकच दरबारात गवानचे शत्रू वाढले. त्याच्या शिक्क्याचा गैरवापर करून बनावट पत्र तयार झाले आणि ५ एप्रिल १४८१ रोजी सुलतान तिसऱ्या मुहम्मदशाहाने शहानिशा न करता त्याला ठार करवले. सल्तनत खऱ्या अर्थाने त्या दिवशीच फुटली, असे म्हणता येईल. कारण फतेहउल्ला आणि खुदावंदखान या दोघांनी आपली फौज शाही छावणीपासून दूर नेऊन तळ दिला. गवानसारख्या माणसाची ही गत होते, तिथे आपला काय भरवसा, हा त्यांचा सवाल होता. सुलतानाला त्यांच्यावर जबरदस्ती करता आली नाही.

पुढच्याच वर्षी सुलतान वारला. गादीवर आला बारा वर्षांचा महमूदशाह. कारभार मलिक नायबकडे, आणि काही काळ फतेहउल्लाही बिदरला वजिरीत होता. पण पोरसवदा सुलतान या दोघांनाच मारण्याच्या कटात सामील झाला. दोघेही थोडक्यात वाचले. फतेहउल्ला वऱ्हाडात परतला, तो कायमचाच.

त्याने बंडाचे निशाण उभारले नाही, गाविलगड आणि नरनाळ्याची डागडुजी करून घेतली. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरील १४८७ च्या लेखात महमूदशाहाचे नाव आदराने कोरलेले आहे. म्हणजे नाव सुलतानाचे, तटबंदी मात्र स्वतःसाठी! १४९० मध्ये अहमदनगरचा मलिक अहमद, विजापूरचा यूसुफ आदिलखान आणि फतेहउल्ला यांनी स्वतंत्र राज्यकारभार सुरू केला, तेव्हा बिदरचा सुलतान कासीम बरीद या सरदाराच्या मुठीत होता.

पुढे काय झाले?

फतेहउल्ला १५०४ च्या सुमारास वारला. त्याची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. माहूर त्याच्या हयातीत वेगळेच राहिले. १५१७ मध्ये अमीर बरीदने सुलतानाला सोबत घेऊन माहूरवर चाल केली, त्यात खुदावंदखान मारला गेला. त्यानंतर फतेहउल्लाचा मुलगा अलाउद्दीन याने माहूर आपल्या राज्याला जोडले.

इमादशाही टिकली ती चौथ्या पिढीपर्यंत. गादीवर पुन्हा एक अल्पवयीन राजा, बुऱ्हाण इमादशाह, आणि सत्ता मंत्री तुफालखानाकडे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने १५७४ मध्ये दोघांनाही कैद केले. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मुघलांना द्यावे लागले. अकबराच्या काळातील ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यात कळंब आणि माहूर ही दोन वेगळी सरकारे दिसतात, आणि यवतमाळची नोंद ‘योत-लोहारा’ अशी आहे.