संत जोसेफ वाझ: परमुलखातले आजारपण आणि वाटीभर पेज



दरवर्षी 16 जानेवारीला ख्रिस्तसभा संत जोसेफ वाझ यांचे स्मरण करते. गोव्याच्या मातीत जन्मलेले हे पहिले संत. त्यांना श्रीलंकेचे प्रेषित म्हणतात. त्यांच्या प्रार्थनेविषयी व चमत्कारांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. या रविवारी मात्र आम्ही त्यांच्या आयुष्यातील एक वेगळा प्रसंग आपल्यापुढे ठेवत आहोत. परमुलखात, ओळखीचे कोणी नसताना, हा धर्मगुरू मरणाच्या दारी पोहोचला होता. तो कसा वाचला आणि त्याला तेथे आपली माणसे कशी मिळाली, हे आपल्या पिंगळीकरांनी अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी गोव्यातील सासष्टी तालुक्यात, बाणावली या त्यांच्या आजोळच्या गावी झाला. वडिलांचे घर सांकवाळचे. 1676 साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे 1681 ते 1684 या काळात त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली. गोव्यात परतल्यावर ते ऑरेटरीच्या धर्मगुरूंच्या संघात सामील झाले. तेथे त्यांना मान होता, काम होते, मायेची माणसे होती. सुखाने राहता आले असते. परंतु त्यांचे मन सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे, लागले होते.

त्याचे कारण असे. सिलोनचा किनारा पूर्वी पोर्तुगीजांच्या हाती होता. डचांनी 1656 मध्ये कोलंबो व 1658 मध्ये जाफना घेतले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. धर्मगुरूंना बाहेर काढले. जवळजवळ तीस वर्षे तेथील कॅथलिक लोक मिस्सेविना व पापनिवेदनाविना राहिले. युरोपियन धर्मगुरू गेला असता तर लगेच ओळखला गेला असता. सावळ्या वर्णाचा गोवेकर मात्र गरीब मजुराच्या वेशात शिरू शकत होता. फादर वाझ यांनी झगा उतरवला, मजुराचे कपडे घातले आणि 1687 साली झावळ्यांच्या रविवारच्या सुमारास तुतिकोरीनहून गलबतात बसले. बरोबर जॉन नावाचा एक विश्वासू सेवक होता. धर्मगुरू म्हणून मात्र ते एकटेच होते.

त्या काळचा समुद्रप्रवास म्हणजे मोठे संकट. वादळाने गलबत भरकटले, अन्नपाण्याचे हाल झाले. मन्नारमार्गे ते जाफन्याला पोहोचले तेव्हा त्यांच्या अंगात उभे राहण्याचीही ताकद नव्हती. त्यांना भयंकर हगवण लागली होती. चरित्रकार सांगतात की, हा साथीचा रोग असावा या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर काढले. दोघेही झाडझाडोऱ्यात पडून राहिले. जॉनही आजारी पडला. धर्मगुरू असल्याचे सांगावे तर डचांच्या हाती सापडण्याची भीती. न सांगावे तर कोण कुठला मजूर, त्याच्याकडे कोण पाहणार?

अशा वेळी एक गरीब बाई पुढे आली. तिला त्यांचे नाव ठाऊक नव्हते, धर्म ठाऊक नव्हता. ती रोज तांदळाची पेज घेऊन येई आणि त्यांना पाजून जाई. त्या पेजेवर फादर वाझ व जॉन हळूहळू बरे झाले. ती बाई आली नसती तर श्रीलंकेच्या ख्रिस्तसभेचा पुढचा इतिहास कदाचित घडलाच नसता.

बरे झाल्यावर प्रश्न उभा राहिला की, आपली माणसे ओळखायची कशी? विचारण्याची सोय नव्हती. फादर वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, याकडे ते लक्ष ठेवत. अखेर एका घरातील लोकांना ती खूण ओळखीची वाटली. हळूहळू विश्वास बसला आणि हा भिकारी धर्मगुरू आहे हे कळताच त्या घराचा आनंद गगनात मावेना. मग एका घरातून दुसऱ्या घरात गुपचूप निरोप गेला. रात्री घरांची दारे बंद करून मिस्सा होऊ लागली. 1689 मध्ये ते सिल्लालै या कॅथलिक वस्तीच्या गावी राहायला गेले. डचांचा छळ वाढल्यावर तेथून पुत्तलमला आणि 1692 साली कँडी या स्वतंत्र राज्याच्या राजधानीत पोहोचले.

तेथे स्वागत झाले ते बेड्यांनी. पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना कैदेत टाकण्यात आले. त्यांनी त्या कैदेचाही उपयोग केला. तेथेच ते सिंहली भाषा शिकले, झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले आणि इतर कैद्यांशी मैत्री केली. कँडीचा बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा त्यांच्यावर हळूहळू विश्वास बसला. 1696 च्या दुष्काळात राजाच्या सांगण्यावरून त्यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली व पाऊस पडला, असे चरित्रकार लिहितात. त्यानंतर राजाने त्यांना राज्यात फिरण्याची मोकळीक दिली.

यापुढची घटना आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1697 साली कँडीत देवीची साथ आली. घाबरलेल्या लोकांनी आपल्याच आजारी नातेवाइकांना घराबाहेर काढून रानात सोडले. गोव्याहून नुकत्याच आलेल्या सोबतीच्या धर्मगुरूंची मदत घेऊन फादर वाझ त्या रानात गेले. त्यांनी रुग्णांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांना आपल्या हाताने भरवले, त्यांच्या जखमा धुतल्या, मेलेल्यांना मूठमाती दिली. रुग्ण कोणत्या धर्माचा हे पाहिले नाही. दहा वर्षांपूर्वी ते स्वतः असेच टाकून दिलेले होते. एका परक्या बाईने दिलेली पेज त्यांनी अशी शेकडो हातांनी परत केली. ही सेवा पाहून राजाचे मन आणखी वळले. 1707 मध्ये राजा वारल्यावर त्याचा वारस वीर नरेंद्र सिंह यानेही फादर वाझ यांना आधार दिला.

फादर वाझ पुन्हा कधी गोव्याला परतले नाहीत. परका मुलूखच त्यांचे घर झाला. 16 जानेवारी 1711 रोजी कँडी येथे त्यांचे निधन झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 21 जानेवारी 1995 रोजी त्यांना धन्य घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

बंधुभगिनींनो, आपल्या पिंगळीच्या आसपासच्या किती घरांतली मुले कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली आहेत! ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा सहा महिने घराबाहेर असतात. पत्र्याच्या खोलीत ताप भरला की पाणी द्यायला कोणी नसते. तेथे त्यांना कोणी शेजारीण पेज देत असेल, तर ती आपल्यावर उपकार करत असते. आणि परगावचा, परप्रांतातला मजूर आपल्या गावात येऊन आजारी पडला, तर त्याची शेजारीण कोण? 2020 साली करोनाच्या भीतीने गावोगावच्या वेशी बंद झाल्या होत्या, हे आपल्या आठवणीत आहे. सावधगिरी ठेवावीच लागते. पण दुरून का होईना, जेवणाचा डबा ठेवणारी माणसेही त्याच दिवसांत होती.

प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायात परक्याला घरात घेणे व आजाऱ्याची भेट घेणे ही दोन्ही कामे एकत्रच सांगितली आहेत. संतपद जोसेफ वाझ यांना मिळाले, पेज आणणाऱ्या बाईला नाही. तरी आम्हांला खात्री वाटते की स्वर्गात ती त्यांच्यापासून फार दूर बसलेली नसेल.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक गोष्ट करावी. परगावी असलेल्या आपल्या माणसाला फोन करून त्याच्या तब्येतीची चौकशी करावी. आणि आपल्या आळीत बाहेरून आलेले कोणी आजारी असेल, तर मिस्सेनंतर त्याच्या दाराशी जावे. रिकाम्या हाताने जाऊ नये.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.