वाकला, पण मोडला नाही

मागच्या पावसाळ्यात आमच्या हॉलमधल्या शोकेसचं दार फुगलं. आधी खालचा एक कोपरा किंचित उचलल्यासारखा वाटला. म्हटलं, असेल काहीतरी. गणपतीपर्यंत पाहते तो काय, वरचा सागाचा सुंदर पापुद्रा प्लायपासून सुटून पापडासारखा वर आलेला! मोठ्या हौसेनं व्हिनिअरचं फर्निचर करून घेतलं होतं हो. चार पैसे वाचवायला आतला प्लाय साधा घेतला आणि भिंतीला ओल आहे याकडे कानाडोळा केला. चूक माझीच. सुतारकाका आले, बोटानं तो पापुद्रा दाबून पाहिला आणि म्हणाले, वहिनी, लाकूड चांगलं आहे, दगा डिंकानं दिला.

त्या वेळी मला आठवला मिखाएल थोनेट. नाव परकं वाटेल, पण त्याची खुर्ची तुम्ही नक्की पाहिली असेल. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत गोल वळणाच्या पाठीच्या, वेताच्या जाळीच्या बैठकीच्या हलक्या खुर्च्या असतात ना? त्या पद्धतीच्या खुर्चीचा हा जनक. आणि गंमत म्हणजे, त्याचं घर उभं राहिलं ते व्हिनिअरवर, आणि त्यालाही दगा दिला तो डिंकानंच!

थोनेटचा जन्म 2 जुलै 1796 चा. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठावर बोपार्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथला. वडील कातडी कमावण्याचा धंदा करायचे. मुलगा मात्र सुतारकामाकडे वळला आणि 1819 मध्ये त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. पुढच्या वर्षी अ‍ॅनाशी लग्न झालं. या अ‍ॅनाला सात मुलगे आणि सहा मुली झाल्या. तेरा लेकरांपैकी लहानपण ओलांडून जगले ते फक्त पाच मुलगे. कारखान्यांचे आणि पदकांचे सगळे तपशील इतिहासात नोंदलेले असतात, अ‍ॅनाच्या या आठ दुःखांना मात्र जेमतेम एक ओळ मिळते.

त्या काळी खुर्चीला वळणदार पाय हवा असला, तर जाड फळी घेऊन त्यातून तो आकार कापून काढायचे. यात लाकूड वाया जायचं. शिवाय लाकडाच्या उभ्या रेषा मध्येच कापल्या गेल्या की तो पाय तिथेच कच्चा राहायचा. थोनेटनं वेगळा विचार केला. व्हिनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचे पातळ काप, तेव्हाही वापरात होते. पण ते फक्त वरून चिकटवायला, शोभेला. यानं त्या कापांच्या पट्ट्या केल्या, सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेनं ठेवून त्यांची जुडी बांधली, ती गरम सरसात उकळली आणि ओली असतानाच लाकडी साच्यात वाकवून वाळवली. साचा काढला की वळण कायम! आपल्याकडे बुरूड बायका बांबूच्या कामट्या ओल्या करून टोपलीला वळण देतात ना, अगदी त्याच जातीची युक्ती. वरवरची शोभेची वस्तू त्यानं खुर्चीचं हाड म्हणून वापरली. 1836 च्या सुमाराला अशा खुर्च्या तयार झाल्या, आणि 1837 मध्ये त्यानं सरस बनवणारी गिरणीच विकत घेतली.

माणूस हुशार, पण व्यवहाराचं गणित चुकलं. आपली युक्ती कुणी चोरू नये म्हणून प्रशियात, इंग्लंडात, फ्रान्समध्ये, रशियात हक्क नोंदवण्याची त्यानं धडपड केली. त्यात पैसा पाण्यासारखा गेला, हाती काही लागलं नाही, डोक्यावर कर्ज झालं. 1841 मध्ये जवळच्या कोब्लेंझ शहरातल्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निख यानं त्याचं काम पाहिलं आणि त्याला व्हिएन्नाला यायला सुचवलं. 1842 मध्ये थोनेट तिकडे गेला. इकडे बोपार्डमध्ये देणेकऱ्यांनी त्याच्या मालमत्तेवर जप्ती आणली. नवरा परमुलखात आणि दारात देणेकरी, काय झालं असेल त्या अ‍ॅनाचं? आमच्या बचत गटात अशा बायका मी जवळून पाहिल्या आहेत. नवऱ्याच्या धाडसाचं कौतुक पुढे कधीतरी होतं. पण रोज दाराची कडी वाजली की छातीत धस्स होणं तिच्याच वाट्याला येतं.

त्याच वर्षी अ‍ॅना मुलांना घेऊन व्हिएन्नाला पोचली. थोनेट तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होता. या वयात आपण म्हणतो, आता काय नवीन करायचं? तो मात्र मुलांना हाताशी धरून दुसऱ्याच्या कारखान्यात कामाला लागला. लिश्टेनश्टाइन घराण्याच्या राजवाड्यातली लाकडी नक्षीची जमीन आणि खुर्च्या करण्याच्या कामात त्याचे हात होते. लाकूड वाकवण्याच्या पद्धतीचा हक्क ऑस्ट्रियात 1842 मध्येच मिळाला होता; पण स्वतःचं दुकान पुन्हा उभं राहायला 1849 साल उजाडलं. व्हिएन्नाच्या डाउम कॅफेनं त्याच्या खुर्च्या घेतल्या. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याला ब्राँझ पदक मिळालं. 1853 मध्ये त्यानं धंदा पाच मुलांच्या नावावर केला आणि कंपनीचं नाव झालं ‘थोनेट बंधू’.

आता सगळं सुरळीत होईल असं वाटत असतानाच डिंक आडवा आला. खुर्च्या जहाजानं दूरच्या उष्ण, दमट मुलखात जाऊ लागल्या, आणि तिथल्या हवेत सरस सुटून थर मोकळे व्हायला लागले. ज्या व्हिनिअरवर वीस वर्षं घातली, ज्याच्यापायी घरदार गेलं, तेच दमट हवेत टिकत नाही हे कबूल करणं सोपं नव्हतं. दुसरा कुणी गिऱ्हाइकालाच दोष देत बसला असता. पण थोनेटनं ठरवलं, डिंकच नको, अख्खं लाकूडच वाकवायचं.

अख्खा दांडा वाकवला की बाहेरच्या बाजूनं चिरतो. कारण वाफवलेलं लाकूड आत दबतं, पण बाहेरून ताणलं जात नाही. मग त्यानं बीच नावाच्या झाडाचे दांडे वाफवले आणि बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळून मग ते वाकवले. पट्टीमुळे बाहेरची बाजू ताणली जाईना, आतली तेवढी दबली आणि दांडा न चिरता वळला. 1856 मध्ये याचाही हक्क मिळाला. तेव्हा तो साठ वर्षांचा होता!

बीचची जंगलं मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात. म्हणून कारखाना तिथल्या कोरिचानी गावात निघाला. दांडे वाकवण्याचं जड काम पुरुषांकडे, तर घासणं, पॉलिश करणं, बैठकीची जाळी विणणं ही कामं बहुतेक आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका करायच्या. म्हणजे ज्या खुर्चीवर ‘बंधूं’चं नाव होतं, तिच्यावर हात फिरला होता बायकांचा.

1859 मध्ये आली चौदा नंबरची खुर्ची. लाकडाचे फक्त सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुटे भाग केले की एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या आणि पोचल्या गावी जोडायच्या. डिंकाचा प्रश्नच नाही. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळालं आणि 1930 पर्यंत अशा सुमारे पाच कोटी खुर्च्या विकल्या गेल्या. थोनेटनं मात्र 3 मार्च 1871 रोजी व्हिएन्नात डोळे मिटले.

आता तुम्ही म्हणाल, मग व्हिनिअर वाईट का? मुळीच नाही! सनमायका म्हणजे रसायनात भिजवून दाबलेले कागदाचे थर, तर व्हिनिअर म्हणजे खरं लाकूड. एका ओंडक्यातून कितीतरी पत्रे निघतात, म्हणजे झाडही वाचतं. फक्त त्याच्या जागा ओळखाव्यात. मोरीची भिंत, सिंकखालचं कपाट, ओल येणारा कोपरा इथे व्हिनिअर नको. प्लाय घेताना त्यावरचा आयएसआयचा शिक्का बघावा, ओलीची भीती असेल तर मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 चा घ्यावा. एका खोलीसाठी लागणारे सगळे पत्रे एकाच वेळी, एकाच ओंडक्याचे घ्यावेत आणि दुकानात शेजारी-शेजारी उभे करून रेषा जुळवून बघाव्यात. नंतर आणलेल्या पत्र्याचा रंग हमखास वेगळा निघतो. कडांना सागाची पट्टी लावून घ्यावी, कारण पापुद्रा आधी कडेला सुटतो. पॉलिश कडांनाही नीट करून घ्यावं. पुसायला कोरडं मऊ फडकं, ओला फडका नाही. आणि मुख्य म्हणजे, आधी भिंतीची ओल बंद करावी, मग फर्निचर.

आमच्या शोकेसचं दार काकांनी नव्यानं केलं, या वेळी मरीन प्लायवर. त्याआधी गच्चीची गळती बंद करून घेतली. त्यात माझे दिवाळीचे पैसे गेले, पण चुटपुट वाटली नाही. मोडेन पण वाकणार नाही, असं आपण मोठ्या अभिमानानं म्हणतो. थोनेट मात्र वयाच्या साठीला स्वतःच्या चुकीपुढे वाकला आणि म्हणूनच मोडला नाही. इराणी हॉटेलातल्या त्या खुर्चीवर पुढच्या वेळी बसाल ना, तेव्हा तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवून बघा. आणि त्याच्याबरोबर त्याच्या अ‍ॅनाचीही आठवण काढा.