पडद्यावर खरेपणा आणणारे बाबूराव पेंटर

मराठी चित्रपटसृष्टीच्या पायाभरणीत कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार आणि दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचे स्थान अग्रगण्य आहे. कापडावर रंगवलेल्या देखाव्याच्या जागी प्रत्यक्ष उभारलेली, वापरातली आणि काळाने मळलेली वाटणारी वास्तू कॅमेऱ्यासमोर आणण्याचा त्यांनी आग्रह धरला. या आग्रहामुळे भारतीय मूकपटाचे रूप पालटले. मात्र ज्या चित्रपटात हा खरेपणा सर्वाधिक होता, त्याकडेच तत्कालीन प्रेक्षकांनी पाठ फिरवली.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. वडील लोहारकाम आणि सुतारकाम करीत. कोरीवकामातही त्यांचा हात कुशल होता. त्यामुळे लाकूड, धातू आणि माती यांचे गुणधर्म बाबूरावांना लहानपणापासून परिचयाचे झाले. चित्रकलेचे किंवा शिल्पकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. निरीक्षण आणि सराव हेच त्यांचे गुरू ठरले.

नाटकाच्या पडद्यापासून आरंभ

नात्याने बंधू असलेले आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव यांनी १९१० ते १९१६ या काळात नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यात मोठा लौकिक मिळविला. याच व्यवसायामुळे दोघांना 'पेंटर' हे नाव कायमचे चिकटले. केशवराव भोसले यांच्या 'ललितकलादर्श' मंडळीसाठीही त्यांनी काम केले.

राजवाडा, अरण्य, मार्ग असे देखावे कापडावर रंगवून ते नटांच्या मागे सोडले जात. खांबाची गोलाई, भिंतीची खोली आणि दगडावरील सावली कुंचल्याने निर्माण केली जाई. दिव्यांच्या उजेडात आणि दूर बसलेल्या प्रेक्षकाच्या नजरेला ती खरी वाटे.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला आणि हे दोघे बंधू चित्रपटाकडे ओढले गेले. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून प्रक्षेपक यंत्र मिळविले आणि स्वतःचा कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. परंतु १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. हे अपुरे काम बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने पूर्ण केले आणि १९१८ मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. त्याच सुमारास गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर 'महाराष्ट्र फिल्म कंपनी' कोल्हापुरात उभी राहिली.

कॅमेऱ्याची नजर

रंगमंचावर खपून जाणारा भास कॅमेऱ्यासमोर टिकत नाही, हे पडदे रंगविणाऱ्या बाबूरावांनी लवकर ओळखले. नटाची सावली रंगविलेल्या खांबावर पडली की तो खांब सपाट असल्याचे उघड होते. म्हणून त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले नेपथ्य उभारण्यावर भर दिला. पात्रांची वेशभूषा आणि हालचाली यांची रेखाचित्रे ते चित्रीकरणापूर्वीच तयार करीत.

वास्तू उभारली म्हणजे ती खरी वाटतेच असे नाही. नवे लाकूड नवेच दिसते आणि ताजा गिलावा ताजाच दिसतो. राहत्या घरात चुलीवरची भिंत धुराने काळवंडते, वारंवार हात लागणारी चौकट तेलकट होते, कोपऱ्यात धूळ साचते आणि भिंतीच्या पायथ्याशी चिखलाचे शिंतोडे वाळून बसतात. मळ सर्वत्र सारखा नसतो. माणसाचा वावर असेल तेथे तो अधिक असतो. नेपथ्यावर जुनेपणा आणणाऱ्याला ही जागा नेमकी हेरावी लागते, अन्यथा काजळी काजळी न दिसता केवळ रंगाचा डाग दिसतो.

त्या काळच्या फिल्मची आणखी एक अडचण होती. ती निळ्या रंगाला अधिक आणि तांबड्या रंगाला अत्यल्प प्रतिसाद देत असे. परिणामी फिके निळे आकाश पडद्यावर पांढरे होई आणि तांबूस मातीची भिंत काळी पडे. साहजिकच कलावंताला डोळ्यांसमोरचा रंग सोडून पडद्यावर उमटणाऱ्या करड्या छटेचा विचार करावा लागे. बाबूरावांनी यासाठी रंगीत काचांचा आणि नेपथ्यातील रंगांच्या काटेकोर निवडीचा अवलंब केला.

कंपनीचा 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. त्याचे कथानक कृ. प्र. खाडिलकर यांच्या 'कीचकवध' नाटकावर आधारलेले होते. या नाटकावर ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये बंदी घातली होती. स्त्री भूमिका पुरुषांनी करण्याचा प्रघात असताना येथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी काम केले. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब होते की पुढे ते वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरविले. त्यानंतर १९२३ च्या 'सिंहगड' मध्ये त्यांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला.

'सावकारी पाश'ची झोपडी

१९२५ चा 'सावकारी पाश' हा बाबूरावांच्या कलेचा कळस मानला जातो. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या मूकपटात सावकाराच्या कपटामुळे जमीन गमावलेला आणि शहरात गिरणी कामगार झालेला शेतकरी होता. तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. पौराणिक राजवाड्यांच्या जागी येथे गरिबाचे घर होते. अंधारात बुडालेली झोपडी आणि तिच्यापाशी विव्हळणारे कुत्रे हे दृश्य जाणकारांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले.

कर्ज आणि जप्ती रोजच्या जीवनात अनुभवणाऱ्या प्रेक्षकांना मात्र पडद्यावर देवदेवता आणि वीरपुरुष हवे होते. चित्रपटाला अपेक्षित यश मिळाले नाही आणि कंपनी पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे सहकारी बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून १९२९ रोजी 'प्रभात फिल्म कंपनी' स्थापन केली. बोलपटाच्या आगमनानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी टिकू शकली नाही. बाबूरावांनी १९३६ मध्ये 'सावकारी पाश' बोलपटाच्या रूपात पुन्हा केला. 'प्रतिभा' (१९३७) आणि 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) या चित्रपटांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. चित्रकला आणि शिल्पकला त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष आज उरले आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म सहज पेट घेणारी होती आणि न जळता राहिली तरी कालांतराने आपोआप कुजत असे. 'मुरलीवाला' (१९२७) सारख्या चित्रपटाचे काही भाग शिल्लक असले तरी मूळ 'सावकारी पाश' उपलब्ध नाही. त्यांची शिकवण मात्र शिष्यांच्या कामात टिकून राहिली. दामले आणि फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. त्या चित्रपटातील देहूचे साधे, राबते घर पाहताना कोल्हापूरच्या या पेंटरच्या आग्रहाची ओळख आजही पटते.