ज्यानं क्वर्टी कीबोर्ड दिला, त्याला स्वतःलाच तो बदलायचा होता

स्क्रिप्टिंग प्रोग्रॅममध्ये एखादा शॉर्टकट सगळ्या सिस्टिमसाठी नोंदवला, की कुठलीही विंडो उघडी असो, कळा दाबताच ठरलेलं काम होतं. पण तोच शॉर्टकट दुसऱ्या प्रोग्रॅमनं आधीच नोंदवलेला असेल, तर विंडोज तो पुन्हा नोंदवून घेत नाही. जो आधी बसला, त्याची जागा.

गंमत म्हणजे ज्या कळांवर हे चालतं, त्यांच्या मांडणीचंही असंच झालं. आणि अडला तो मांडणी करणाराच. त्याचं नाव क्रिस्टोफर लॅथम शोल्स.

शोल्सचा जन्म १८१९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. छापखान्यात काम शिकला, विस्कॉन्सिनमध्ये जाऊन वर्तमानपत्र चालवलं, विधिमंडळात निवडून गेला. १८५३ साली विस्कॉन्सिननं फाशीची शिक्षा रद्द केली, त्या मोहिमेत तो पुढं होता.

नंतर मिलवॉकीत सॅम्युअल सोल या मित्रासोबत त्यानं पानांवर आकडे छापणारं यंत्र केलं. आकडे छापता येतात तर अक्षरंही छापता येतील, असं कार्लोस ग्लिडननं सुचवलं आणि तिघं कामाला लागले. २३ जून १८६८ ला त्यांना टाइपरायटरचं पेटंट मिळालं.

सुरुवातीच्या कळा पियानोसारख्या होत्या. जेम्स डेन्समोरनं पैसा लावला आणि सुधारणांचा तगादाही. शोल्स वर्षानुवर्षं यंत्र खोलायचा, जोडायचा, कळांच्या जागा बदलायचा. यातूनच क्वर्टी मांडणी तयार झाली. अक्षरांचे दांडे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ती केली, असं सांगितलं जातं. काही अभ्यासकांच्या मते मात्र तारायंत्रावर काम करणाऱ्यांची सोय पाहून ती ठरली.

१८७३ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनसोबत करार झाला. पुढच्या वर्षी यंत्र बाजारात आलं. किंमत १२५ डॉलर आणि अक्षरं फक्त कॅपिटल, त्यामुळं खप बेताचाच. १८७८ च्या रेमिंग्टन नंबर २ मध्ये शिफ्ट कळ आली, लहान अक्षरंही उमटू लागली आणि हळूहळू धंदा जमला. पण शोल्सनं आपला हक्क एकरकमी विकून टाकला होता.

तरी गडी थांबला नाही. क्षयानं खंगलेला असतानाही तो वेगळ्या मांडणीवर काम करत राहिला. १७ फेब्रुवारी १८९० ला तो गेला. या नव्या मांडणीचं पेटंट मिळालं १८९६ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ६ वर्षांनी. तोवर टायपिस्टांची बोटं क्वर्टीला सरावली होती. नवी मांडणी पुन्हा शिकायला कोण बसणार?

पुढं कॉम्प्युटर आला, तोही क्वर्टी घेऊनच. अनडू, कट, कॉपी, पेस्टच्या झेड, एक्स, सी, व्ही या कळा एका ओळीत शेजारीशेजारी आहेत, त्या या मांडणीमुळंच. शोल्सची शेवटची मांडणी मात्र पेटंटच्या कागदावरच राहिली.