इमॅन्युएल रिंगेलब्लुम

इमॅन्युएल रिंगेलब्लुम (जन्म : बुचाच, २१ नोव्हेंबर १९००, मृत्यू : वॉर्सा, मार्च १९४४) हे पोलंडमधील ज्यू इतिहासकार, शिक्षक व समाजकार्यकर्ते होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी वॉर्सा शहरात उभारलेल्या घेट्टोमध्ये त्यांनी 'ओनेग शब्बात' या सांकेतिक नावाने एक गुप्त अभिलेखागार स्थापन केले. ज्यूंचे जीवन, त्यांचा छळ आणि त्यांचे शिरकाण यांची नोंद त्या घटना घडत असतानाच ठेवणे हे या कार्याचे उद्दिष्ट होते. जमिनीत पुरून ठेवलेला हा संग्रह युद्धानंतर काही अंशी सापडला. आज तो रिंगेलब्लुम अभिलेखागार या नावाने ओळखला जातो आणि होलोकॉस्टच्या अभ्यासाचे अत्यंत महत्त्वाचे साधन मानला जातो.

बालपण व शिक्षण

रिंगेलब्लुम यांचा जन्म गॅलिसिया प्रांतातील बुचाच या गावी झाला. हे गाव त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेनमध्ये आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांच्या कुटुंबाला गाव सोडावे लागले व ते नोवी साँच या गावी स्थायिक झाले. पुढील शिक्षणासाठी रिंगेलब्लुम वॉर्सा येथे आले आणि वॉर्सा विद्यापीठात त्यांनी इतिहास विषयाचे अध्ययन केले. १९२७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. प्राचीन काळापासून १५२७ पर्यंतचा वॉर्सातील ज्यूंचा इतिहास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा प्रबंध १९३२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

विद्यार्थिदशेतच ते 'डावा पोअले झिऑन' या समाजवादी ज्यू पक्षात सामील झाले होते. यिडिश ही सामान्य ज्यू जनतेची बोलभाषा. तिचा आणि ती बोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या जीवनाचा त्यांना विशेष जिव्हाळा होता. इतिहास म्हणजे केवळ धर्मगुरू व धनिक यांच्या वंशावळी नव्हेत, तर कारागीर, फेरीवाले, स्त्रिया व मुले यांचे दैनंदिन जीवनही त्यात आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १९२३ मध्ये वॉर्सात स्थापन झालेल्या तरुण ज्यू इतिहासकारांच्या मंडळाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १९२५ मध्ये विल्नो येथे स्थापन झालेल्या 'यिवो' या यिडिश संशोधन संस्थेशी या मंडळाचा पुढे निकटचा संबंध आला. गावोगावच्या सामान्य माणसांनी कागदपत्रे, लोकगीते व आठवणी गोळा करून पाठवाव्यात, ही 'यिवो'ची कार्यपद्धती होती. घेट्टोतील संग्रहाची बीजे या पद्धतीत दिसतात.

अध्यापन व समाजकार्य

रिंगेलब्लुम यांनी अनेक वर्षे माध्यमिक शाळांमध्ये इतिहास शिकवला. यहुदित हर्मन यांच्याशी त्यांचा विवाह झाला व १९३० मध्ये त्यांना उरी हा मुलगा झाला. त्याच सुमारास ते 'जॉइंट' या अमेरिकन ज्यू मदत संस्थेच्या वॉर्सा येथील कार्यात सहभागी झाले. छोट्या व्यावसायिकांना बिनव्याजी कर्ज देणाऱ्या पतसंस्थांचे काम त्यांच्याकडे होते.

ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस जर्मनीने आपल्याकडील पोलिश नागरिकत्वाच्या हजारो ज्यूंना सीमेपलीकडे हाकलून दिले. त्यांपैकी सुमारे ६ हजार लोक झ्बाँशिन या सीमावर्ती गावात अडकून पडले. 'जॉइंट'तर्फे रिंगेलब्लुम तेथे गेले आणि पाच आठवडे राहून त्यांनी निवारा, अन्न व औषधोपचार यांची व्यवस्था लावली. निर्वासितांच्या हकिकती टिपून घेण्याचे कामही त्यांनी तेथे केले.

ऑगस्ट १९३९ मध्ये ते झिऑनिस्ट परिषदेसाठी जिनिव्हा येथे गेले होते. युद्ध तोंडावर आले असता परदेशातच थांबणे त्यांना शक्य होते. परंतु ते वॉर्साला परतले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. शहर सोडून जाणाऱ्या नेत्यांमध्येही ते सामील झाले नाहीत. ऑक्टोबर १९३९ पासून त्यांनी घटनांची टिपणे ठेवण्यास प्रारंभ केला. दिवसभर मदतकार्यानिमित्त भेटणाऱ्या माणसांकडून जे कळे, ते रात्री लिहून ठेवण्याचा त्यांचा परिपाठ होता.

वॉर्सा घेट्टो

ऑक्टोबर १९४० मध्ये वॉर्सात घेट्टो निर्माण करण्याचा आदेश जाहीर झाला आणि १६ नोव्हेंबर १९४० रोजी तो बाहेरच्या जगापासून बंद करण्यात आला. शहराच्या सुमारे ३० टक्के लोकसंख्येला केवळ २.४ टक्के क्षेत्रफळात कोंडण्यात आले. आसपासच्या गावांतून हाकलून आणलेल्या निर्वासितांमुळे घेट्टोतील लोकसंख्या ४ लाखांच्या वर गेली. भूक व प्रलापक सन्निपात ज्वर (टायफस) यांनी १९४२ च्या मध्यापर्यंत सुमारे ८३ हजार लोकांचा बळी घेतला.

घेट्टोतील स्वयंसाहाय्य संस्थेत रिंगेलब्लुम प्रमुख कार्यकर्ते होते. प्रत्येक इमारतीतील रहिवाशांची समिती असे; ती शेजाऱ्यांकडून वर्गणी व धान्य गोळा करी, अनाथ मुलांची काळजी घेई. अशा शेकडो समित्यांचे जाळे आणि गरिबांसाठीची अन्नछत्रे यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता. या कामामुळेच घेट्टोच्या सर्व थरांतील माणसे त्यांच्या परिचयाची झाली व अभिलेखागारासाठी त्यांना विश्वासू सहकारी मिळाले.

ओनेग शब्बात

घेट्टो बंद झाल्यानंतर काही दिवसांतच, २२ नोव्हेंबर १९४० रोजी, लेश्नो रस्त्यावरील आपल्या घरी रिंगेलब्लुम यांनी सहकाऱ्यांची बैठक बोलावली व संग्रहाच्या कार्याला संघटित रूप दिले. मंडळाच्या बैठका शनिवारी होत, म्हणून त्याला 'ओनेग शब्बात' म्हणजे शब्बाथचा आनंद असे नाव पडले. जर्मनांना सुगावा लागू नये यासाठीही हे निरुपद्रवी नाव सोयीचे होते. हर्श वासर हे मंडळाचे सचिव होते. एलियाहू गुत्कोव्स्की, धर्मगुरू शिमोन हुबरबांद, शिक्षक अब्राहम लेविन, अन्नछत्र चालवणाऱ्या लेखिका राखेल आउअरबाख, पोस्टमनचे काम करणारे पत्रकार पेरेत्स ओपोचिन्स्की, संशोधिका सेसिलिया स्लापाकोवा असे ५० ते ६० जण या कार्यात होते. त्यांत डावे होते तसे धर्मनिष्ठही होते.

मंडळाने कामाची शिस्तबद्ध पद्धती ठरवली होती. विषयवार प्रश्नावल्या तयार केल्या जात. निर्वासितांकडून त्यांच्या गावाची हकिकत घेतली जाई. एकाच घटनेविषयी निरनिराळ्या माणसांकडून लिहवून घेतले जाई, म्हणजे एकाचे कथन दुसऱ्याशी ताडून पाहता येई. महत्त्वाच्या मजकुराच्या अनेक प्रती काढल्या जात. घटना घडल्यावर लगेच लिहिण्यावर रिंगेलब्लुम यांचा भर होता. कारण एक महिन्यानंतर येणारी नवी आपत्ती आधीच्या अनुभवाची आठवणच बदलून टाकते, हे त्यांनी ओळखले होते.

संग्रहात रोजनिश्या, भूमिगत वृत्तपत्रे, जर्मन हुकूमनामे, शिधापत्रिका, भित्तिपत्रके, शाळकरी मुलांचे निबंध, पत्रे, विनोद, चित्रे, मैफलींची निमंत्रणे, ट्रामची तिकिटे आणि मिठाईची वेष्टने यांचाही समावेश होता. चोरटी आयात, स्त्रियांचे जीवन, मुलांची स्थिती, धार्मिक आचार अशा विषयांवर स्वतंत्र अभ्यास हाती घेण्यात आले. ज्यू पोलिसांचे गैरवर्तन, ज्यू परिषदेतील भ्रष्टाचार, श्रीमंतांची बेपर्वाई यांच्याही नोंदी कोणतीही भीड न ठेवता करण्यात आल्या. मारेकऱ्यांच्या दप्तरातून पुढे जो इतिहास लिहिला जाईल, त्यात बळी गेलेल्यांचा आवाज नसेल, ही जाणीव या कार्यामागे होती. तो आवाज विश्वसनीय ठरायचा असेल, तर त्यात स्वतःच्या समाजाचे दोषही झाकून चालणार नाहीत, अशी रिंगेलब्लुम यांची भूमिका होती.

हत्याकांडाच्या वार्ता

१९४२ च्या प्रारंभापासून मंडळाच्या कामाचे स्वरूप पालटले. खेल्म्नो येथे डिसेंबर १९४१ पासून विषारी वायूच्या बंदिस्त मोटारींत ज्यूंना ठार मारले जात होते. तेथे प्रेते पुरण्याच्या कामाला जुंपलेला एक तरुण जानेवारी १९४२ मध्ये निसटून वॉर्साला पोहोचला. वासर पती-पत्नींनी त्याची सविस्तर साक्ष लिहून घेतली. अशा साक्षींच्या आधारे मंडळाने तयार केलेले अहवाल पोलिश भूमिगत चळवळीच्या मार्गाने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारकडे पाठवण्यात आले. जून १९४२ मध्ये ब्रिटिश रेडिओने पोलंडमधील ज्यूंच्या सामूहिक हत्येचे वृत्त प्रसारित केले, तेव्हा आपल्या मंडळाने आपले कर्तव्य बजावले अशी भावना रिंगेलब्लुम यांनी टिपणात नोंदवली. मात्र या वार्तेने हत्याकांड थांबले नाही. २२ जुलै १९४२ रोजी वॉर्सा घेट्टोतूनच माणसे नेण्यास सुरुवात झाली आणि २१ सप्टेंबरपर्यंत सुमारे २ लाख ६५ हजार लोकांची रवानगी ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीत झाली. मंडळाचे अनेक सदस्य या काळात मारले गेले.

संग्रहाचे जतन

हद्दपारी सुरू होताच संग्रह लपवण्याचे ठरले. ही जबाबदारी शिक्षक इझ्राएल लिख्तेन्श्टाइन यांच्याकडे होती. ३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांनी आपल्या दोन तरुण विद्यार्थ्यांच्या, दाविद ग्राबर व नाहूम ग्झिवाच यांच्या, मदतीने नोवोलिप्की रस्त्यावरील ६८ क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात १० पत्र्याच्या पेट्या पुरल्या. या तिघांनीही आपापले अखेरचे निवेदन लिहून त्यात ठेवले. लिख्तेन्श्टाइन यांनी आपली चित्रकार पत्नी गेला सेक्श्टाइन आणि लहानगी मुलगी मार्गालित यांचेही स्मरण राहावे अशी इच्छा त्यात व्यक्त केली. गेला यांची चित्रेही पेट्यांत ठेवण्यात आली. यांपैकी कोणीही युद्धातून वाचले नाही.

हद्दपारीनंतरही काम चालू राहिले. ट्रेब्लिंकाहून पळून आलेल्या अब्राहम क्शेपित्स्की यांची साक्ष राखेल आउअरबाख यांनी लिहून घेतली. फेब्रुवारी १९४३ मध्ये संग्रहाचा दुसरा भाग दुधाच्या धातूच्या दोन कॅनमध्ये भरून त्याच तळघरात पुरण्यात आला. तिसरा भाग एप्रिल १९४३ मध्ये श्विएंतोयेर्स्का रस्त्यावर लपवण्यात आला.

अखेरचे दिवस

१९४३ च्या सुरुवातीला रिंगेलब्लुम पत्नी व मुलासह घेट्टोबाहेर पडले व शहराच्या पोलिश भागात लपून राहिले. एप्रिलमध्ये वल्हांडण सणाच्या सुमारास ते एकटेच पुन्हा घेट्टोत गेले. १९ एप्रिल रोजी तेथे सशस्त्र उठाव झाला आणि ते त्यात अडकले. त्यानंतर त्यांना त्राव्निकी येथील श्रमछावणीत नेण्यात आले. पोलिश रेल्वे कामगार तेओदोर पायेव्स्की व ज्यू भूमिगत चळवळीतील शोशाना कोसोवर यांनी १९४३ च्या उन्हाळ्यात त्यांना तेथून सोडवून वॉर्साला आणले.

यानंतर ते ग्रुयेत्स्का रस्त्यावर मिएचिस्लाव व्होल्स्की या पोलिश बागाईतदाराच्या काचगृहाखाली खोदलेल्या तळघरात कुटुंबासह राहिले. तेथे जवळजवळ ४० ज्यूंनी आश्रय घेतला होता. अत्यंत दाटीच्या त्या जागेतही रिंगेलब्लुम लिहीत राहिले. युद्धकाळातील पोलिश व ज्यू समाजांचे संबंध या विषयावरील त्यांचा ग्रंथ याच ठिकाणी सिद्ध झाला. ७ मार्च १९४४ रोजी जर्मनांना या जागेचा पत्ता लागला. सर्वांना पाव्याक तुरुंगात नेण्यात आले आणि काही दिवसांतच रिंगेलब्लुम, यहुदित व उरी यांना ठार मारण्यात आले. आश्रय देणारे व्होल्स्की आणि त्यांचे भाचे यानुश विसोत्स्की यांचाही वध झाला.

संग्रहाचा शोध

संग्रहाच्या कामाची अंतर्गत माहिती असलेल्यांपैकी हर्श वासर, त्यांच्या पत्नी ब्लुमा आणि राखेल आउअरबाख हे तिघेच युद्धानंतर जिवंत होते. घेट्टोच्या जागी विटा-मातीचे ढिगारे उरले होते. रस्त्यांचा मागमूसही राहिला नव्हता. आउअरबाख यांनी शोधासाठी सतत आग्रह धरला व वासर यांच्या माहितीवरून १८ सप्टेंबर १९४६ रोजी १० पेट्या सापडल्या. पेट्यांत पाणी शिरल्याने अनेक कागद भिजून एकमेकांना चिकटले होते. त्यांच्या संवर्धनासाठी दीर्घ परिश्रम घ्यावे लागले. १ डिसेंबर १९५० रोजी बांधकाम चालू असताना कामगारांना दुधाचे दोन कॅन सापडले. त्यांतील कागद तुलनेने चांगल्या स्थितीत होते. तिसरा भाग मिळालेला नाही. तो जेथे पुरला होता त्या परिसरात आज चीनचा दूतावास आहे. तेथे २००३ मध्ये केलेल्या उत्खननातही संग्रह हाती लागला नाही.

वारसा

सापडलेल्या संग्रहात सुमारे ३५ हजार पृष्ठे असून तो वॉर्सा येथील ज्यू इतिहास संस्थेत जतन केलेला आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याचा 'जागतिक स्मृती' नोंदवहीत समावेश केला. रिंगेलब्लुम यांच्या घेट्टोतील टिपणांची यिडिश आवृत्ती १९५२ मध्ये वॉर्सात निघाली, पण त्या वेळच्या राजवटीत तिच्यातील काही मजकूर गाळण्यात आला. १९५८ मध्ये टिपणांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. संपूर्ण संग्रह पोलिश भाषेत अनेक खंडांमध्ये प्रकाशित करण्यात आला आहे. अमेरिकन इतिहासकार सॅम्युएल कॅसो यांचा या कार्यावरील विस्तृत ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यावर आधारित माहितीपट २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. दुधाच्या दोन कॅनपैकी एक वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयातही ठेवण्यात आला होता.

वॉर्सा घेट्टोतील बहुसंख्य माणसांना थडगे मिळाले नाही आणि अनेकांची नावेही उरली नाहीत. त्यांच्या राहणीची, श्रद्धांची, भांडणांची व भुकेची जी तपशीलवार माहिती आज उपलब्ध आहे, ती मुख्यतः या मंडळाच्या परिश्रमांमुळे उपलब्ध आहे.