देबूजीच्या घरचे बारसे

दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातील कित्येक गावे निम्मी ओस पडतात. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे बैलगाड्यांवर, ट्रकांवर संसार लादून साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात, आणि त्यांजबरोबर आमच्या पुष्कळ बालमित्रांसही पाच-सहा महिने शाळेचा निरोप घ्यावा लागतो. दिवसभर कोयता चालवून अंग आंबून गेलेला एखादा बाप सायंकाळी कोपीच्या दाराशी बाटली घेऊन बसतो. शेजारी बारा-तेरा वर्षांचा मुलगा कुडकुडत असतो. थंडी पळेल म्हणून त्यालाही दोन घोट पाजले जातात. हे प्रत्येक कोपीत घडते असे आम्ही म्हणत नाही, आणि केवळ कोपीतच घडते असेही नाही. लग्नाच्या वरातीत, जत्रेत, नवसाच्या जेवणात, आणि शिकल्यासवरल्या घरांतील आनंदाच्या प्रसंगीही, मुलाच्या हाती पहिला पेला बहुधा आपल्याच माणसाकडून येतो. कायद्याने महाराष्ट्रात सौम्य मद्यास २१ व इतर दारूस २५ वर्षांचे वय लागते, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

अशाच रूढीच्या घरात एक मुलगा जन्मला आणि त्याने ती रूढी आपल्या उंबरठ्यावर अडविली. त्याचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी व सखूबाई या परीट दांपत्याच्या पोटी देबूचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी होते. परंतु देवकार्य असो, सोयरीक असो की जातीची पंगत असो, बोकड व दारू यांवाचून कार्य पार पडत नसे. झिंगराजी आरंभी लोकांच्या आग्रहाखातर पीत होता. मग आग्रहाची गरज उरली नाही. चीजवस्तू गेली, जमीन गेली, शेवटी देहही खंगला. आणि देबू अवघा आठ वर्षांचा असताना बाप मरण पावला. मरणापूर्वी त्यास पश्चात्ताप झाला, आणि या बोकड-दारूच्या देवांची छाया मुलावर पडू देऊ नकोस असे त्याने पत्नीस विनविले, असे चरित्रकार सांगतात.

दारू माणसास आतून कशी खाते, हे येथेच थोडेसे सांगणे उचित होईल. पोटात गेलेल्या दारूचा निचरा करण्याचे काम मुख्यत्वे यकृताकडे असते. रोजचा भार पडू लागला की प्रथम त्यावर चरबी साठते, मग दाह होतो, मग ठिकठिकाणी व्रण पडून ते टणक होत जाते, आणि अखेरीस पोटात पाणी भरते, कावीळ होते, रक्ताच्या उलट्या होतात. प्रौढ माणसात यास बहुधा वर्षे लागतात. पण मुलाच्या बाबतीत एका रात्रीतही अनर्थ ओढवू शकतो. दारूच्या मागे लागलेले यकृत रक्तात साखर सोडण्याचे आपले नित्याचे काम करू शकत नाही; मुलाच्या अंगी साखरेचा साठा मुळात थोडा; तशात तो उपाशी असेल तर साखर एकाएकी उतरून त्यास झटके येतात, शुद्ध हरपते. निजलेल्या अवस्थेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. आणि थंडी पळते म्हणावी, तर तीही गोष्ट खोटी आहे. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून ऊब आल्यासारखे वाटते. वास्तविक तीच ऊब अंगातून बाहेर निघून जात असते, आणि मूल अधिकच गारठते.

दुसरे असे की, मनुष्याचा मेंदू पंचविशीच्या आसपास पूर्णपणे घडतो. स्मरणाची आणि सारासार विचाराची जी केंद्रे आहेत, ती तर याच वाढीच्या वर्षांत घडत असतात, आणि त्यांवरच दारूचा घाव अधिक बसतो. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असे आढळले की, पंधराव्या वर्षापूर्वी पिऊ लागलेल्या माणसांपैकी शंभरात सुमारे चाळीस पुढे व्यसनाच्या पाशात सापडले. विशीनंतर पिऊ लागलेल्यांत हे प्रमाण शंभरात सुमारे दहा होते. पित्याचे व्यसन काही अंशी रक्तातूनही पुत्राकडे येते. तेव्हा झिंगराजीचा मुलगा त्याच वाटेने गेला असता तर कोणास नवल वाटले नसते.

सखूबाईने मुलास घेऊन भावाचे घर गाठले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी देबू वाढला. त्याने गुरे राखली, नांगर धरला, आणि रात्री भजनात टाळ वाजविला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. १८९२ साली कुंताबाईशी त्याचा विवाह झाला. मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली, तेव्हा कर्जाची कळही त्यास चांगलीच उमगली.

पुढे देबूजीस कन्या झाली आणि बारशाचा दिवस आला. या प्रसंगी आम्ही थोडे थांबू इच्छितो, कारण आमच्या मते या पुरुषाचे सारे मोठेपण त्या एका दिवसात दिसून येते. जातीची मंडळी जमली. पंगतीत मटण येणार, दारू येणार, यात कोणास संशय नव्हता. तसे न करणे म्हणजे जमलेल्या सोयऱ्यांचा अपमान, आणि देवाचा कोप ओढवून घेणे. यजमान विशीतला पोर, मामाच्या आश्रयाने राहिलेला, डोक्यावर बापाचे छत्र नाही. अशा माणसाने वडीलधाऱ्यांपुढे मान वर करावी ही लहान गोष्ट नव्हे. परंतु देबूजीने पंगतीत गोडाचे जेवण वाढले. दारूचा थेंबही आणला नाही. मंडळी रागावली, टोमणे झाले. तरी त्याने आपला हात मागे घेतला नाही. ज्या घरात बापाने लोकांच्या आग्रहास मान दिला, त्याच घरात मुलाने तो मोडला. आणि तोही कोणास शिव्याशाप न देता, पाहुण्यांस पोटभर जेवू घालून.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूजीने घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती मातीचे गाडगे व खराटा, असा तो गावोगाव हिंडू लागला, आणि लोक त्यास गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंचे हाल पाहून त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारविल्या. ज्या गावात जात, तेथील रस्ते दिवसा झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, ही कथा आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहे. परटाच्या या मुलाने अवघ्या गावाची घाण आपल्या हाताने काढली.

त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी संवादच असे. ते प्रश्न विचारीत, लोक एका सुरात उत्तरे देत, आणि उत्तर देता देता आपलाच दोष आपल्या तोंडून कबूल करून बसत. कर्ज काढून सण करू नये, देवापुढे मुके जनावर कापू नये, दारूस शिवू नये, आणि घरातील भांडी विकावी लागली तरी मुलांस शाळेत घालावे, हे ते पुनःपुन्हा सांगत. दारू आणि शाळा हे दोन विषय ते एकाच दमात का घेत, हे ज्याने त्यांचे बाळपण वाचले त्यास वेगळे सांगावयास नको. एरवी आम्ही वडील मंडळी मुलांस दारूचे दुष्परिणाम शिकविण्यात फार तत्पर असतो. बाबांचा रोख मात्र पुष्कळ वेळा पोरांकडे नसून समोर बसलेल्या बापांकडे असे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. प्रकृती ढासळली होती. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, मोटारीतच त्यांनी देह ठेवला. २००५ साली अमरावती विद्यापीठास या निरक्षर पुरुषाचे नाव देण्यात आले.

मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची एक धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी खेड्यापाड्यांतून आलेले गरीब रुग्ण व त्यांचे सोबती तेथे उतरतात. तोंड, घसा, अन्ननलिका व यकृत यांच्या कर्करोगास दारू हे एक कारण आहे, हे १९८८ पासून जागतिक वैद्यकास मान्य आहे, आणि दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. झिंगराजीच्या मुलाच्या नावाने उभ्या असलेल्या त्या ओसरीवर आजही कोणी बाप, कोणी मुलगा, आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेला दिसतो.