गांधीजी ज्यांची मालीश करत होते, ते परचुरे शास्त्री कोण?

सेवाग्रामचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. गांधीजी खाली वाकून एका आजारी माणसाची शुश्रूषा करताहेत. तो माणूस म्हणजे दत्तात्रय परचुरे शास्त्री. फोटो जगभर गेला, पण शास्त्रींचं नाव मागेच राहिलं.

शास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगातही गेले. 1932 साली येरवड्याला ते आणि गांधीजी एकाच वेळी कैदेत होते, पण कुष्ठरोग असल्यामुळे शास्त्रींना इतरांपासून वेगळं ठेवलेलं. दोघांमध्ये पत्रं जायची.

हा रोग बहुतेक वेळा एका चट्ट्यापासून सुरू होतो. चट्टा फिकट किंवा लालसर, कधी कडा उंच आणि मधला भाग साफ, म्हणजे थेट कड्यासारखा. नायटाही असाच दिसतो. फरक काय? नायट्याला प्रचंड खाज सुटते, कडेला खपल्या येतात. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, दुखतही नाही, आणि तिथली संवेदना कमी होते किंवा जाते. त्रासच नाही म्हटल्यावर माणूस डॉक्टरकडे जाणार कशाला? तोवर नसा खराब होत राहतात. (प्रत्येक गोल चट्टा या दोघांपैकीच असतो असंही नाही. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या क्रीमने नायटा दबतो आणि पसरतो.)

शास्त्रींच्या काळात खात्रीचं औषध नव्हतं. जंतूचा शोध हॅन्सन यांनी 1873 मध्येच लावला होता, तरी लोक या रोगाला पूर्वजन्मीचं पाप मानत. 1939 मध्ये शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा त्यांना ठेवून घ्यायचं म्हणजे आश्रमातल्या सगळ्यांचा प्रश्न होता. गांधीजींनी तो सगळ्यांसमोर मांडला आणि शास्त्री राहिले. गांधीजींच्या कुटीजवळच त्यांची झोपडी उभी राहिली. जखमा धुणं, मालीश करणं हे काम गांधीजींनी स्वतःकडे घेतलं.

याहून मोठी गोष्ट फोटोत नाही. आश्रमातल्या एका लग्नात भटजी म्हणून बसले ते शास्त्रीच. ज्यांना लोक दारात उभं करत नव्हते, त्यांच्या हातून मंगलकार्य झालं!

शेवटचा काळ त्यांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला काढला. मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये तिथे कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं होतं. 1945 मध्ये शास्त्री गेले. सल्फोन गटातली औषधं तेव्हा नुकतीच वापरात येत होती, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाहीत.

आज एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, कोर्स 6 किंवा 12 महिन्यांचा. धाराशिवच्या गावात आशाताई दारावर येऊन अंगावर चट्टा आहे का विचारतात, तेव्हा दाखवायचा तो हाच, न खाजणारा. सेवाग्रामला गेलात तर परचुरे कुटी आजही बघायला मिळते.